लय आणि पुनरावृत्ती : संगणकाकडून गीत शिकताना

पूर्वी नवे गीत शिकविताना क्वायर मास्टर ऑर्गनवर किंवा हार्मोनियमवर चाल वाजवून दाखवीत आणि गायक ती ऐकून कंठस्थ करीत. आज अनेक धर्मग्रामांत हीच चाल संगणकावर स्टाफ नोटेशनमध्ये लिहिली जाते, संगणक ती वाजवून दाखवितो आणि सोप्रानो, आल्टो, टेनर व बास अशा चारही आवाजांच्या ध्वनिफाइली व्हॉट्सॲपवरून गायकांच्या हाती पडतात. स्वरलिपी वाचता न येणारा गायकदेखील स्वयंपाक करता करता किंवा लोकलच्या प्रवासात आपला आवाज पाठ करू शकतो. ही सोय फार मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र ह्या सोयीबरोबर एक जबाबदारीही आली आहे. जो गायक केवळ ऐकून शिकतो, त्याच्यासाठी संगणकाने वाजविलेले तेच गीत असते. त्यात लय चुकीची असेल, ध्रुवपद एकदा कमी वाजले असेल, कडव्यापूर्वी नको असलेला वाद्यमेळ परत आला असेल, तर तीच चूक चाळीस कंठांत बसते आणि पवित्र मिस्साच्या वेळी निम्मे गायक एकीकडे व निम्मे दुसरीकडे, अशी स्थिती होते. स्वरलेखन अचूक असूनही असे घडते. त्याचे कारण समजून घेतले तर ते टाळणे मुळीच अवघड नाही.

एका पानाचे दोन वाचक

संगणकावर लिहिलेल्या स्वरलिपीचे दोन वाचक असतात. एक माणूस आणि दुसरा स्वतः संगणक. माणूस पानावरील प्रत्येक खूण डोळ्यांनी पाहतो आणि अनुभवाने तिचा अर्थ लावतो. गीताच्या माथ्यावर ‘सावकाश, प्रार्थनापूर्वक’ असे लिहिलेले दिसले की तो आपोआप संथ गातो. संगणकाला हे शब्द दिसत नाहीत. त्याच्या लेखी तो केवळ पानावर छापावयाचा मजकूर असतो. जी खूण ‘लय’ म्हणून किंवा ‘पुनरावृत्ती’ म्हणून सॉफ्टवेअरमध्ये नोंदविली आहे, तीच तो पाळतो, आणि जी नोंदविली आहे ती अक्षरशः पाळतो.

म्यूझस्कोर, सिबेलियस आणि डोरिको ही आज प्रचलित असलेली स्वरलेखनाची सॉफ्टवेअर. त्यांपैकी म्यूझस्कोर विनामूल्य असल्यामुळे लहान धर्मग्रामांच्या गायनवृंदांना ते विशेष सोयीचे आहे. पुढील विवेचनात म्हणून त्याचीच उदाहरणे प्रामुख्याने घेतली आहेत. तत्त्व मात्र सर्वत्र एकच आहे.

लय : शब्द आणि संख्या

पाश्चात्त्य संगीतात लय दर्शविण्यासाठी लार्गो, अदाजिओ, अंदान्ते, मोदेरातो, आलेग्रो, प्रेस्तो असे इटालियन शब्द वापरले जातात. आपल्या विलंबित, मध्य आणि द्रुत ह्या शब्दांप्रमाणेच तेही लयीचा स्वभाव सांगतात, मोजमाप नव्हे. मोजमाप आले ते मेट्रोनोममुळे. योहान मेल्त्सेल ह्यांनी १८१५ साली ह्या यंत्राचे पेटंट घेतले आणि बेथोवन ह्यांनी १८१७ साली आपल्या तोवरच्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. तेव्हापासून ‘एका मिनिटात अमुक क्रॉचेट’ अशी लय लिहिण्याचा प्रघात रूढ झाला.

संगणकाला केवळ हा आकडाच कळतो. म्यूझस्कोरमध्ये लयीच्या पॅलेटमधून ‘अंदान्ते’ हा शब्द पानावर आणला, तर त्या शब्दामागे एक आकडा दडलेला असतो आणि संगणक त्याप्रमाणे वाजवितो. तोच शब्द साध्या मजकुराच्या स्वरूपात टंकित केला, तर पानावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु वादनात काहीही फरक पडत नाही. म्हणून लयीची खूण नेहमी लयीच्याच साधनाने घालावी. म्यूझस्कोरमध्ये त्यासाठी आल्ट, शिफ्ट आणि टी ह्या तीन कळा एकत्र दाबाव्या लागतात.

लय मुळीच नोंदविली नाही तर काय होते? म्यूझस्कोर अशा वेळी मिनिटाला १२० क्रॉचेट ही लय गृहीत धरतो. ही लय चालत्या पावलांची आहे. वेदीसमोरील शांत चिंतनाशी तिचा मेळ बसत नाही. एक हिशेब पाहू या. एका गीताचे ध्रुवपद ८ बारांचे व प्रत्येक कडवे ८ बारांचे आहे आणि प्रत्येक बारात चार मात्रा आहेत. म्हणजे ध्रुवपदाच्या ३२ मात्रा आणि कडव्याच्याही ३२ मात्रा. मिनिटाला ८० मात्रा ह्या लयीने ३२ मात्रांना २४ सेकंद लागतात, तर १२० च्या लयीने केवळ १६ सेकंद. ज्या गायकाने हे गीत आठवडाभर १६ सेकंदांच्या घाईने ऐकले आहे, त्याला रविवारी २४ सेकंदांत गाण्यास सांगितले, तर त्याचा श्वास, शब्दांची फेक आणि स्वरांची लांबी सर्वच विस्कटते.

सहा-आठच्या तालाचा चकवा

लयीच्या आकड्यापुढे कोणता स्वर लिहिला आहे, ह्यालाही तितकेच महत्त्व आहे. नाताळचे जगप्रसिद्ध ‘सायलेंट नाइट’ हे गीत घ्या. योसेफ मोर ह्या धर्मगुरूंनी १८१६ साली त्याचे शब्द लिहिले, फ्रान्स झेवर ग्रुबर ह्यांनी १८१८ साली त्याला चाल दिली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडोर्फ येथील संत निकोलसच्या चर्चमध्ये ते गिटारच्या साथीने प्रथम गायिले गेले. हे गीत सामान्यतः सहा-आठच्या तालात, १२ बारांत छापले जाते. ह्या तालात प्रत्येक बारात सहा क्वेव्हर असतात, पण गाणाऱ्याला जाणवणाऱ्या मात्रा दोनच, आणि प्रत्येक मात्रा एका ठिपकेदार क्रॉचेटची.

समजा, क्वायर मास्टरांना मिनिटाला ४० मात्रा अशी संथ लय हवी आहे. ‘ठिपकेदार क्रॉचेट बरोबर ४०’ असे लिहिले, तर प्रत्येक बार ३ सेकंदांचा होतो आणि एक कडवे ३६ सेकंदांत पूर्ण होते. घाईत ठिपका राहून गेला आणि ‘क्रॉचेट बरोबर ४०’ असे लिहिले गेले, तर प्रत्येक बार साडेचार सेकंदांचा होऊन तेच कडवे ५४ सेकंद रेंगाळते. गायकांचा श्वास ओळीच्या मध्येच तुटतो. उलट, लय मुळीच नोंदविली नाही, तर १२० च्या गृहीत लयीने संपूर्ण कडवे १८ सेकंदांत संपते आणि अंगाईगीताची धावपळ होते. एका ठिपक्याचा हा परिणाम आहे.

मंद होणे आणि थांबणे

गीत संपताना लय हळूहळू मंद करावी, ह्यासाठी ‘रिट.’ म्हणजे रिटार्दान्दो असे लिहिले जाते, आणि एखाद्या स्वरावर थांबण्यासाठी पॉजची, म्हणजे फर्माटाची खूण वापरली जाते. म्यूझस्कोरची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. तिच्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ‘रिट.’ हा शब्द पानावर दिसत असे, परंतु वादनात उतरत नसे. चौथ्या आवृत्तीपासून लयीच्या पॅलेटमधील ‘रिट.’ प्रत्यक्ष वाजते. अर्थात येथेही साधा मजकूर म्हणून टंकिलेले ‘रिट.’ निरुपयोगीच ठरते. रिट. नंतर गीत पुढे चालू राहणार असेल, तर मूळ लय कोठून सुरू होते ती खूणही पॅलेटमधूनच घालावी. फर्माटावर स्वर किती पट लांबवावा, हे त्या खुणेच्या गुणधर्मांत ठरविता येते.

येथे पुनरावृत्तीचा प्रश्न उपस्थित होतो. संगणकाच्या दृष्टीने लय ही पानावरील जागेशी बांधलेली असते. तीन कडव्यांचे गीत पुनरावृत्तीच्या खुणा घालून एकदाच लिहिले आणि शेवटच्या बारात रिट. घातले, तर ते तिसऱ्या कडव्यापुरते मर्यादित राहत नाही. संगणक त्या बारातून तीनदा जातो आणि तिन्ही वेळा मंद होतो. माणूस समजून घेतो की हे केवळ अखेरीसाठी आहे. संगणक असे काही समजून घेत नाही. ह्यावर उपाय म्हणजे शेवटच्या वेळेचा बार वेगळ्या कंसात लिहून रिट. केवळ त्यातच घालणे. सिबेलियसमध्ये एखादी खूण कितव्या वेळी पाळावयाची, हे त्या खुणेच्या गुणधर्मांत निवडण्याची सोय आहे.

मागे कोठे जावयाचे?

पुनरावृत्तीची सर्वांत साधी खूण म्हणजे दोन ठिपके असलेली जाड रेघ. शेवटची रेघ ‘मागे जा’ असे सांगते आणि आरंभीची रेघ ‘येथपर्यंत मागे जा’ असे सांगते. आरंभीची रेघ घातली नाही, तर संगणक गीताच्या अगदी आरंभापर्यंत मागे जातो. गीताला कीबोर्डचे चार बारांचे प्रास्ताविक असेल, तर ते प्रत्येक कडव्यापूर्वी पुन्हा वाजते. गायनवृंदात अशा वेळी हमखास गोंधळ उडतो, कारण काहींना ते प्रास्ताविक पुन्हा अपेक्षित असते आणि काहींना नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे किती वेळा वाजवावयाचे. स्वरांच्या खाली तीन कडव्यांचे शब्द एकाखाली एक लिहिले, म्हणून संगणक तीनदा वाजवीत नाही. शब्दांच्या ओळी तो मोजतच नाही. पुनरावृत्तीची रेघ घातली की तो तो भाग एकूण दोनदा वाजवितो. तीन किंवा चार वेळा हवे असेल, तर त्या रेघेच्या बाराच्या गुणधर्मांत वादनाची संख्या बदलावी लागते.

तिसरी गोष्ट कंसांची. पहिल्या वेळी एक शेवट आणि दुसऱ्या वेळी निराळा शेवट असेल, तर फर्स्ट टाइम बार आणि सेकंड टाइम बार असे कंस घातले जातात. म्यूझस्कोरमध्ये कंसावर दिसणारा आकडा आणि संगणक पाळतो ती वेळांची यादी, ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कंसावर ‘१ ते ३’ असे लिहिले, परंतु यादीत केवळ १ हा आकडा राहिला, तर दुसऱ्या व तिसऱ्या वेळी संगणक तो कंस वगळतो.

चौथी गोष्ट बारीक, पण त्रासदायक आहे. अनेक स्तोत्रे पहिल्या मात्रेवर सुरू न होता तिच्या आधीच्या एका मात्रेवर उचलली जातात. चार मात्रांच्या तालात अशी एक मात्रा आरंभी घेतली असेल, तर मागे जाण्यापूर्वीच्या शेवटच्या बारात तीनच मात्रा असावयास हव्यात. तेथे पूर्ण चार मात्रा ठेवल्या, तर प्रत्येक पुनरावृत्तीला एक मात्रा अधिक होते आणि गीत लंगडते.

ध्रुवपद आणि कडवी

आपल्या मराठी भक्तिगीतांचा घाट बहुधा ध्रुवपद, कडवे, पुन्हा ध्रुवपद असा असतो. तो स्वरलिपीत लिहिण्यासाठी ‘दा कापो आल फीने’ ही खूण वापरतात. आरंभापासून पुन्हा गा आणि ‘फीने’ लिहिले आहे तेथे थांबा, असा तिचा अर्थ. ‘दाल सेन्यो’ ही खूण असेल, तर आरंभाऐवजी सेन्योच्या चिन्हापासून गावयाचे असते. गीताला प्रास्ताविक असेल तेव्हा हीच खूण योग्य ठरते.

तीन कडव्यांचे गीत असेल, तर ध्रुवपद चार वेळा येते. हे संगणकाकडून अचूक वाजवून घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. ध्रुवपदाच्या आरंभी पुनरावृत्तीची आरंभरेघ आणि कडव्याच्या शेवटी पुनरावृत्तीची अंतिम रेघ घालावी व वादनाची संख्या ३ ठेवावी. ध्रुवपदाच्या शेवटी ‘फीने’ आणि कडव्याच्या शेवटी ‘दा कापो आल फीने’ नोंदवावे. म्यूझस्कोर प्रथम पुनरावृत्त्या पूर्ण करतो आणि उडी शेवटच्या फेरीनंतरच घेतो. म्हणून ध्रुवपद व पहिले कडवे, ध्रुवपद व दुसरे, ध्रुवपद व तिसरे, आणि अखेरीस केवळ ध्रुवपद, असा योग्य क्रम मिळतो. आधीच्या हिशेबातील गीत ८० च्या लयीने असे २ मिनिटे ४८ सेकंदांचे होते. लय नोंदविली नसेल तर ते १ मिनिट ५२ सेकंदांत संपेल. आणि पुनरावृत्ती वाजविण्याची कळ बंद राहिली असेल, तर एक ध्रुवपद आणि एक कडवे वाजून सर्व काही थांबेल.

ह्या मार्गाला एक मर्यादा आहे. शेवटच्या ध्रुवपदात रिट. हवे असेल, तर ते चारही वेळा वाजेल, कारण पानावर ध्रुवपद एकच आहे. अशा वेळी उडीची खूण काढून टाकावी आणि शेवटचे ध्रुवपद स्वतंत्रपणे पुन्हा लिहून काढावे. एखादे पान वाढेल, परंतु गायकांना आणि संगणकाला दोघांनाही ते निःसंदिग्ध कळेल.

उपासनेतील पुनरावृत्ती

आतापर्यंतचा विचार तंत्राचा झाला. परंतु उपासनेत पुनरावृत्ती कशासाठी असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. मिस्साग्रंथाच्या सामान्य मार्गदर्शिकेनुसार दयायाचनेतील प्रत्येक आर्जव सामान्यतः दोनदा गायिले जाते. म्हणून तेथे वादनाची संख्या २ असावी. प्रतिसाद स्तोत्रात वाचक किंवा स्तोत्रगायक स्तोत्राचे चरण म्हणतो आणि भाविक प्रतिसाद देतात. तेथील पुनरावृत्ती ही भाविकांची आहे, गायनवृंदाची नव्हे.

देवाच्या कोकराचे गीत तर पुनरावृत्तीचा उत्तम वस्तुपाठ आहे. ते भाकर मोडण्याच्या विधीला साथ देते. विधी पूर्ण होईपर्यंत ते आवश्यक तितक्या वेळा गाता येते आणि शेवटच्या वेळी दयेच्या याचनेऐवजी शांतीची याचना येते. स्वरलिपीच्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्या व दुसऱ्या वेळेसाठी एक कंस, तिसऱ्या वेळेसाठी निराळा कंस आणि वादनाची संख्या ३. सरावासाठी हे पुरेसे आहे. परंतु प्रत्यक्ष मिस्सामध्ये तीन हा आकडा संगणकाने ठरवावयाचा नसतो. मोठ्या सणाला भाकर मोडण्यास अधिक वेळ लागला, तर गायनवृंदाने पहिला कंस पुन्हा गावयास हवा आणि क्वायर मास्टरांचा संकेत मिळताच शेवटच्या कंसाकडे वळावयास हवे. त्याचप्रमाणे ख्रिस्तप्रसादाचे गीत भाविक प्रसाद स्वीकारीत असेपर्यंत चालू राहते आणि अर्पणाचे गीत निदान दाने वेदीवर ठेवली जाईपर्यंत. रांग किती लांब आहे, हे कोणत्याही फाइलीत लिहिलेले नसते.

ख्रिस्तसभेने हा विवेक पूर्वीपासून शिकविला आहे. पोप दहावे पायस ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी प्रसृत केलेल्या पत्रात संगीतासाठी धर्मगुरूला वेदीपाशी उपासनेच्या मर्यादेपलीकडे ताटकळत ठेवू नये, असे स्पष्ट बजाविले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक संविधानात पवित्र संगीतासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि भाविकांच्या सक्रिय सहभागावर विशेष भर आहे. भाविकांना सोबत गाता येईल अशी लय आणि त्यांना अपेक्षित असेल अशी पुनरावृत्ती, हा त्या सहभागाचाच एक भाग आहे.

फाइल पाठविण्यापूर्वी

गायनवृंदाला ध्वनिफाइल पाठविण्यापूर्वी क्वायर मास्टरांनी पुढील पाच गोष्टी अवश्य कराव्यात.

१. गीत पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, हातात शब्दांचा कागद घेऊन, एकदा पूर्ण ऐकावे. प्रत्येक कडव्यासमोर खूण करावी.

२. स्वतः गाऊन आणि घड्याळ लावून लय निश्चित करावी व तोच आकडा लयीच्या साधनाने नोंदवावा. चर्चची वास्तू मोठी असेल, आवाज घुमत असेल, तर लय थोडी संथ ठेवावी.

३. एकूण वेळ मोजावा. हिशेबाने येणारा वेळ आणि संगणकाने घेतलेला वेळ जुळत नसेल, तर एखादी पुनरावृत्ती नक्की चुकलेली आहे.

४. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेलेली फाइल विशेष काळजीने तपासावी. फिनाले ह्या जुन्या व नामांकित सॉफ्टवेअरचा विकास थांबविल्याची घोषणा २६ ऑगस्ट २०२४ रोजी झाल्यानंतर जुनी गीते म्यूझिक एक्सएमएल स्वरूपात इतरत्र नेण्याची गरज अनेकांना भासू लागली आहे. अशा स्थलांतरात स्वर बहुधा जसेच्या तसे येतात, परंतु लय, कंस आणि उड्या ह्यांची पडताळणी केल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

५. फाइलीबरोबर दोन ओळींचा लेखी क्रम पाठवावा. ध्रुवपद किती वेळा, कडवी किती, कोणता शेवट केव्हा, हे त्यात असावे.

गायकांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. संगणक स्वर शिकवितो, मात्रा शिकवितो, क्रम शिकवितो. शब्दांचा अर्थ, त्यांतील ऱ्हस्वदीर्घ आणि वाक्याच्या शेवटी घ्यावयाचा श्वास तो शिकवीत नाही. म्हणून फाइल ऐकून पाठ झाल्यावर गीताचे शब्द एकदा चाल न लावता, प्रार्थना म्हणून सावकाश वाचावेत. सामूहिक सरावाला आल्यावर कान फाइलीकडे नव्हे, तर शेजारच्या गायकाकडे आणि डोळे क्वायर मास्टरांच्या हाताकडे असावेत.

येत्या सणाच्या तयारीला लागण्यापूर्वी आपल्या गायनवृंदाने आपल्याजवळच्या फाइली एकदा ह्या दृष्टीने ऐकून पाहाव्यात. ज्या माणसाला एकही स्वर वाचता येत नाही, परंतु जो दर रविवारी न चुकता बासच्या रांगेत उभा राहतो, त्याचा आपल्यावर विश्वास असतो. त्याच्या कानी पडणारे गीत बरोबर असावे, एवढी काळजी घेणे हीदेखील उपासनेचीच सेवा होय.